ज्याची ओळ त्यानेच बदलावी

आमच्या संस्थेत त्यांना सगळे नोंदताई म्हणतात. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी सेविका आणि ब्रदर पाठवणे हे आमचे काम. टायरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. आतल्या खोलीत संस्था चालवणाऱ्या मॅडम बसतात. बाहेरच्या खोलीत एका टेबलावर मी असतो. पत्रव्यवहार, सामानाची कपाटे आणि लोकांच्या रजा माझ्याकडे आहेत. समोरच्या टेबलावर नोंदताई.

त्या एकोणीस वर्षे घरोघर फिरल्या. जिने चढून गुडघे गेले तेव्हा त्यांना सुपरवायझर करून खुर्चीवर बसवले. नाव पडले ते त्याआधीच. कोणत्या आजोबांची कूस किती वाजता बदलली, कोणत्या आजींची जखम आज कशी दिसते, हे त्या वहीत लिहून ठेवत आणि दुसऱ्यांनाही लिहायला लावत. "लिहिलं नाही म्हणजे केलं नाही," हे त्यांचे वाक्य. नव्या सेविकेला कामाच्या पहिल्या दिवशी चहाच्या आधी ते ऐकावे लागे.

चार वर्षांपूर्वी वही गेली आणि संगणकावरची सामाईक लिस्ट आली. एका रुग्णाची एक ओळ. काय करायचे, किती दिवसांनी करायचे, कोण जाते, शेवटचे कधी गेले, पुढचे कधी. बारा जणांना बारा लॉगिन दिली. भेट झाली की ज्याने त्याने फोनवरून आपल्या रुग्णाची ओळ बदलायची, असे ठरले होते.

ठरले तसे आठवडाभर चालले. मग मोठ्या मावशी येऊन टेबलाशी उभ्या राहिल्या. मोठ्या मावशी म्हणजे आमच्यातल्या सगळ्यांत वयस्क सेविका. माणूस उचलून फिरवण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नाही, पण फोनचे बटण दाबायचे म्हटले की घाम फुटतो.

"ताई, तुझी बोटं चालतात गं. टाक ना माझं. मी सांगते, तू टाक."

नोंदताईंनी टाकले. मावशींचे टाकले म्हणून दुसरीचे टाकले. महिन्याभरात बाराही जण भेट झाली की फोन करून सांगू लागले आणि ताई लिहू लागल्या. नवा रुग्ण आला की त्याची ओळही त्याच तयार करत. सकाळी नऊपासून कानाला फोन आणि बोटे कळफलकावर. जेवणाचा डबा त्या उजव्या हाताला उघडा ठेवत आणि तो तीनला संपे. मी कधी म्हटले, की ताई, ज्याचं त्याला करू द्या, तर म्हणत, "भाऊ, शिकवायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात माझं लिहून होतं."

मागच्या वर्षाअखेरीस त्यांनी माझ्या टेबलावर रजेचा अर्ज ठेवला. एक महिना. मी त्यांचे रजेचे पान काढले. त्या पानावरच्या अकरा वर्षांत सलग तीन दिवसांपेक्षा जास्त रजा नव्हती. दोनदा मंजूर झालेली रजा त्यांनी स्वतःच रद्द केली होती.

कारणाच्या रकान्यात 'मुलीचे बाळंतपण' एवढेच होते. बाकीचे मला माहीत होते. मुलगी बसने पाच तासांवर राहते. पहिले मूल सहाव्या महिन्यात पोटातच गेले. या खेपेला डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलेले, जावई जहाजावर, सासूबाई नाहीत. शेजारीण दोन वेळचे आणून देते आणि बाकी वेळ पोर एकटी छताकडे बघत असते. तारीख तीन आठवड्यांवर आली होती.

मॅडमनी अर्ज वाचला. त्या वाईट बाई नाहीत. स्वतः मोठ्या रुग्णालयात मेट्रन होत्या, रजा नाकारताना त्यांचा चेहरा पडतो. पण त्यांनी विचारले ते कोणीही विचारले असते.

"ताई, जा ना. जायलाच हवं. पण लिस्ट कोण बघणार?"

"ज्याची त्याने बघायची, मॅडम. ठरलं तेच होतं."

"बरं. सोमवारपासून तसं करून दाखवा. आठवडा नीट गेला की मी सही करते."

सोमवारी सकाळी सगळ्यांना निरोप गेला. आजपासून ताईंना फोन करायचा नाही, आपापली ओळ आपण बदलायची. साडेदहाला पहिला फोन आला. दुपारपर्यंत चौदा आले. सगळ्यांचे गाऱ्हाणे एकच. ओळ उघडते, वाचता येते, पण बदलायला गेले की 'तुम्हाला परवानगी नाही' असे येते.

"मावशींना जमत नाही हे समजू शकतो," ब्रदर म्हणाला. ब्रदर म्हणजे आमच्याकडचा एकमेव पुरुष परिचारक, चाळिशीचा, आवाज खोलीभर. "पण मला? मी घरच्यांची सगळी तिकिटं फोनवर काढतो! ही लिस्ट मला ओळखच देत नाही."

मॅडमनी त्यांच्या संगणकावर तीच ओळ उघडली, बदलली, जतन केली. "माझ्याकडे तर होतंय."

"मग रोज तुम्हीच करा," ब्रदर म्हणाला आणि पटकन खाली बघू लागला.

संगणकवाला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. तो चार संस्थांची कामे बघतो आणि पाठीवरची पिशवी कधी काढत नाही. त्याने उभ्याउभ्याच बाराही नावे तपासली. "सगळे गटात आहेत. गटाला बदलण्याची परवानगी आहे. हे बघा." मग आपल्या लॉगिनने एक ओळ बदलून दाखवली. "चालतंय. लोकांच्या फोनमध्येच काहीतरी असणार. एकदा बाहेर पडून परत आत यायला सांगा."

बारा जण बाहेर पडून परत आत आले. काही फरक पडला नाही. तिघी पासवर्ड विसरल्या ते वेगळेच.

त्या दोन दिवसांत नोंदताईंचे काम दुप्पट झाले. लोक आधी स्वतः खटपट करत, मग चिडून त्यांनाच फोन करत. बुधवारी दुपारी मुलीचा फोन आला, तेव्हा त्यांनी तो स्पीकरवर टाकला, कारण हात रिकामे नव्हते.

"आई, तू येणार आहेस ना? की लिस्ट येणार आहे?"

"येते गं. आठवड्याभरात येते."

"मागच्या वेळेलाही आठवड्याभरातच येणार होतीस."

ताईंनी स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला. मग बराच वेळ त्या नुसते "हं" म्हणत राहिल्या.

मला संगणकातले फार कळत नाही. पण जमाखर्चाच्या दोन बाजू जुळत नसतील तर फरक कुठे आहे हे शोधायची पद्धत मला शाळेपासून शिकवलेली आहे. मॅडमना जमते आणि संगणकवाल्यालाही जमते. दोघांची लॉगिन लिस्टच्या मालकाची, म्हणजे सगळे अधिकार असलेली. त्यांना जमते म्हणजे सगळ्यांना जमते, हा पुरावा झाला नाही. माझे लॉगिन बाराजणांसारखेच साधे होते. मी ब्रदरला शेजारी बसवले.

"तू तुझ्या फोनवरून एक नवी ओळ कर. काहीही लिही."

त्याने 'चाचणी आजोबा' नावाची ओळ केली.

"आता बदल."

"बदलली! काका, बदलली!"

मी माझ्या लॉगिनने तीच ओळ बदलायला गेलो. परवानगी नाही. मी एक ओळ केली. ती मला बदलता आली, ब्रदरला नाही. आम्ही कागदावर चार चौकोन आखले आणि कोणाची ओळ, कोण बदलतो, जमले की नाही, असे भरले. मग मी लिस्टमधला एक लपवलेला रकाना शोधून उघडला. ओळ कोणी तयार केली ते त्यात दिसते. सत्तेचाळीस रुग्णांच्या सत्तेचाळीस ओळी वरपासून खालपर्यंत सरकवत गेलो. प्रत्येक ओळीसमोर एकच नाव होते, नोंदताईंचे.

शुक्रवारी संगणकवाला आला तेव्हा तो कागद मी त्याच्यापुढे ठेवला. या वेळी तो बसला. लिस्टच्या सेटिंगमध्ये, अगदी आत, गटाच्या परवानग्यांपासून वेगळी अशी एक जागा निघाली. वाचणे: सर्व ओळी. बदलणे: फक्त स्वतः तयार केलेल्या.

"अरे हो," तो म्हणाला. "गटाला परवानगी असली तरी ही गाळणी वरून बसते. मालकांना ती लागू होत नाही, म्हणून मला आणि मॅडमना दिसलंच नाही."

"ही बसवली कोणी?"

तो जुन्या मेलमध्ये शोधू लागला. सापडल्यावर स्क्रीन थोडी माझ्याकडे वळवली. दोन वर्षांपूर्वीचा मेल होता, दोनच ओळींचा. 'यापुढे ज्याची ओळ त्यानेच बदलावी. दुसऱ्याला हात लावता येऊ नये अशी सोय करणे.' खाली नाव नोंदताईंचे.

नोंदताई समोरच बसल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि मेल वाचला.

"हो, मीच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "पण ओळ म्हणजे ज्याचा रुग्ण त्याची, असं मला म्हणायचं होतं."

"संगणकाला ते कसं कळणार, ताई? ज्याने टाइप केली त्याची ओळ," तो म्हणाला. "काढू का? एक टिचकी आहे."

"नको," नोंदताई म्हणाल्या.

आम्ही दोघे त्यांच्याकडे बघत राहिलो.

दोन वर्षांपूर्वीचा प्रसंग आमच्याकडे कोणी मोठ्याने काढत नाही. एका निवृत्त शिक्षकांच्या पाठीला जखम झाली होती. ड्रेसिंग एक दिवसाआड करायचे होते. कोणाचा तरी हात चुकला आणि त्यांच्या ओळीवर खालच्या ओळीतला मजकूर बसला, 'आठवड्यातून एकदा'. सहा दिवस कोणी गेले नाही. घरच्यांना वाटले, आता असेच ठरले असेल. सातव्या दिवशी त्यांचा मुलगा याच खोलीत येऊन उभा राहिला. तो ओरडला असता तर बरे झाले असते. त्याने फक्त फोनवरचा जखमेचा फोटो नोंदताईंपुढे धरला. पुढचे दोन महिने ताई त्या दुखऱ्या गुडघ्यांनी स्वतः जाऊन ड्रेसिंग करत होत्या, ऑफिस सुटल्यावर, रविवार धरून. जखम भरली. तो मेल त्या दिवसांतला.

संगणकवाला पिशवी सावरून आत मॅडमकडे गेला. मी ताईंसमोर खुर्ची ओढली.

"ताई, आम्हाला हिशेबाची वही लिहायला शिकवताना सांगायचे, खोडायचं नाही. चुकलं तर एक रेघ मारा, खालचं दिसलं पाहिजे, आणि बाजूला सही करा. मी त्याला विचारलंय, लिस्टला तशी सोय आहे. कोणी कधी काय बदललं ते सगळं राहतं. तेव्हा ती बंद होती. आता चालू करून घेऊ आणि ही गाळणी काढू."

"नाव कळून काय करू, भाऊ? नाव कळेपर्यंत सहा दिवस जातात."

त्यांनी डबा बंद केला. आत अर्धे तसेच होते.

"तुम्हाला वाटत असेल, मी त्यांच्यावर विश्वास टाकत नाही," त्या म्हणाल्या. "तसं नाही. ती ओळ कोणी बिघडवली, माहीत आहे तुम्हाला?"

"कोणालाच माहीत नाही."

"तेव्हा बाराजणांचं मीच टाकत होते. मी एकटी. बाकीच्यांनी दोन-चार वेळा उघडली असेल नसेल." त्या थोडा वेळ फोनच्या वायरीशी चाळा करत राहिल्या. "मी कुलूप दुसऱ्यांसाठी लावून घेतलं. किल्ली ज्या हातात राहिली, तोच हात चुकला असेल. हे मी कोणाला बोलले नाही. दोन वर्षं रोज प्रत्येक ओळ दोनदा वाचते. डोळे गेले माझे."

मी म्हणालो, "मग घरी जा."

"घरी नाही, मुलीकडे जायचंय," त्या म्हणाल्या, आणि हसल्याही थोड्या.

शेवटी मॅडमनी ठरवले. गाळणी काढायची, जुने बदल राखण्याची सोय चालू करायची, आणि पुढचे चार दिवस ताईंनी खुर्चीवर बसून फक्त बघायचे. फोन आला तर घ्यायचा, पण टाइप करायचे नाही. "हात मांडीवर," मॅडम म्हणाल्या. अर्ज त्यांनी स्वतःच्या टेबलावर सहीविना ठेवला.

पहिला दिवस रडतखडत गेला. मोठ्या मावशी दोन वेळा जिना चढून वर आल्या, तीनच शब्द लिहायला. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ताईंच्या स्क्रीनवर एक ओळ बदलली. त्यांनी ती वाचली आणि खुर्चीतून अर्ध्या उठल्या. साखरेचा आजार असलेल्या एका आजोबांच्या ओळीत, इन्सुलिनच्या जागी 'कूस बदलली, मालिश केले' असे आले होते. त्यांचे हात कळफलकाकडे गेले.

"ताई," मी म्हणालो.

"भाऊ, त्यांचं बाराचं इंजेक्शन आहे!"

"अकरा वाजून चार मिनिटं झालीत. मी घड्याळ बघतो. साडेअकरापर्यंत काही झालं नाही तर तुम्ही बदला, मॅडमना मी सांगेन."

त्या बसल्या. मी इतकी वर्षे त्यांच्यासमोर बसतो, पण त्यांना काही न करता बसलेले मी तोवर पाहिले नव्हते. दोन्ही हात खरोखरच मांडीवर होते आणि अंगठे एकमेकांवर फिरत होते.

सव्वाअकराला फोन वाजला. त्यांनी स्पीकरवर घेतला. ब्रदर होता, आणि तो ताईंशी बोलतच नव्हता. कोणत्या तरी जिन्यात मोठ्या मावशींना गाठून एकीकडे त्यांच्यावर तापला होता.

"अहो मावशी, माझ्या आजोबांना मालिश करायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोण तुझे आजोबा? मी माझ्या आजींचं लिहिलं."

"आजी खालच्या ओळीत आहेत! वरच्या ओळीत माझे आजोबा आहेत!"

"मग तुझ्या आजोबांना जरा बाजूला सरकायला सांग, माझ्या चष्म्यातून दोघं शेजारीच दिसतात."

"हॅलो, ताई? मी ओळ नीट केली. जुनं तिथेच सापडलं, परत टाकलं. तुम्ही काही हात लावला नाही ना?"

"नाही," नोंदताई म्हणाल्या. "तू कधी बघितलंस?"

"रोज जायच्या आधी बघतो की. म्हणजे, कालपासून. आधी कशाला बघायचं? आधी तुमचं असायचं ना सगळं."

त्यांनी फोन ठेवला. मला वाटले, त्यांना हायसे वाटले असेल. चेहऱ्यावर तसे काही नव्हते. दिवसभर ओझे वाहून आलेला माणूस ते खाली ठेवतो, तेव्हा आधी खांदा दुखायला लागतो, तसे काहीसे होते.

"ऐकलंत, भाऊ? कोणी वाचतच नव्हतं," त्या म्हणाल्या. "सहा दिवस कोणी वाचलंच नाही. ताई आहेत म्हणून."

उरलेल्या दोन दिवसांत आणखी तीन चुका झाल्या. एक ब्रदरची स्वतःचीच होती, ती मोठ्या मावशींनी पकडली आणि सगळ्या संस्थेला फोन करून कळवली. सगळ्यांत जास्त वेळ राहिलेली चूक चाळीस मिनिटे राहिली. मी तो आकडा लिहून मॅडमना दिला. त्यांनी अर्जावर सही केली आणि म्हणाल्या, "फोन मात्र चालू ठेवा हं, ताई."

निघायच्या दिवशी शुक्रवार होता. बस दुपारी दोनची होती. ताईंची बॅग टेबलाखाली होती. संगणकवाला आला तसा त्याला त्यांनी हाक मारली.

"माझी परवानगी काढ."

"बदलायची? ती राहू दे ना, ताई. लागली कधी तर."

"काढ."

त्याने मॅडमच्या दाराकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी मान हलवली. त्याने दोन टिचक्या मारल्या. "झालं. आता तुम्हाला फक्त वाचता येईल."

"वाचायचीही काढ."

"वाचायला काय होतंय?"

"मला माहीत आहे मला काय होतंय. पोर कळा देत असेल आणि मी बाहेर बाकावर बसून सत्तेचाळीस ओळी दोनदा वाचत असेन. काढ. महिन्याने परत दे."

नाव काढायला त्याला अर्धे मिनिट लागले. नोंदताईंनी आपल्या फोनवर लिस्ट उघडून बघितली. एकदा बघून त्यांचे समाधान झाले नाही, बाहेर पडून परत आत जाऊन बघितली. पांढऱ्या पडद्यावर एकच वाक्य आले. तुम्हाला ही लिस्ट पाहण्याची परवानगी नाही.

"आता खरंच दिसत नाही," त्या म्हणाल्या, आणि कोणी तरी काही तरी म्हणेल अशी वाट बघितल्यासारख्या थांबल्या. मॅडम आत कोणाशी तरी फोनवर बोलत होत्या.

मी त्यांची बॅग उचलायला गेलो, तर त्यांनी उचलू दिली नाही. गुडघ्यांमुळे त्या जिना आडव्या उतरतात, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मी वर उभा राहून ऐकत होतो. मधल्या वळणावर त्या थांबल्या. मला वाटले, काही विसरल्या. मग खालून त्यांचा आवाज आला, फोनवर. "अगं, निघाले. हो, बसमध्ये बसले की सांगते. नाही, आता कोणी थांबवत नाही." आणि पावले पुन्हा उतरू लागली.